माहेरच्या नावाचा रकाना

आई,

"बाईचं माहेरचं नाव लिहा, त्याशिवाय मी हा कागद परत घ्यायची नाही," असं तू एका दारात उभी राहून म्हणाली होतीस. गेल्या दोन महिन्यांत ते वाक्य मला इतक्या वेळा आठवलं आहे की आता त्याचा रागच येतो. दार यशवंतपूरचं. घाऊक बाजाराच्या मागं ओळीनं घरं होती, त्यातलं एक. मी बारा वर्षांची, माझ्या हातात कोऱ्या फॉर्मांची पिशवी, आणि सगळीकडे बाजारातल्या कांद्याचा वास. दारातले गृहस्थ बनियनवर आहेत, हातात पेन आहे, तोंडावर हसू आहे. "ते कशाला लागतंय अक्का? आता ती आमच्या घरची झाली की." तू म्हणतेस, "तुमच्या घरची झाली म्हणून काय आकाशातनं पडली ती?" आत भांडी घासत बसलेली एक बाई मोठ्यानं हसते आणि तिथूनच आपलं माहेरचं नाव, आडनावासकट, ओरडून सांगते. तू दाराशेजारच्या भिंतीला कागद टेकवून ते स्वतःच्या हातानं लिहितेस. त्या बाईला मी पुढं मावशी म्हणायला लागले. बंगळूरमधली तुझी सगळ्यात जवळची मैत्रीण तुला त्या एका रकान्यानं मिळवून दिली, हे मी विसरलेले नाही. तरीही राग येतो.

त्या पुस्तिकेची गोष्ट तुला सांगायला नको, पण वैतागलेला माणूस सगळं पहिल्यापासून सांगत बसतो. आपली घरं इथं कधी आली ते कुणालाच नीट ठाऊक नाही. पिढ्यान् पिढ्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. शहर वाढत गेलं तशी ती विखुरली, म्हणून आपल्या मराठी मंडळानं परिचय पुस्तिका काढायचं ठरवलं. कुटुंबप्रमुखाचं नाव, जन्मतारीख, मूळ गाव, कुलदैवत, मुलं, त्यांचं शिक्षण, पत्ता. बायको म्हणजे नुसतं एक 'सौ.' आणि पुढं नाव. तू मिरजेकडून लग्न होऊन आलेली, आमचं कन्नड 'स्वल्प' आणि 'सरी' मिसळलेलं मराठी ऐकून पहिलं वर्षभर पदरात तोंड खुपसून हसलेली. तू मंडळाच्या बैठकीत उभी राहिलीस आणि विचारलंस की बाईच्या आईबापांचं नाव कुठं लिहायचं. जागा नाही म्हणाले. तू पट्टी घेऊन फॉर्मवर रेघ मारून दाखवलीस, एवढी जागा आहे. मग वर्षभर, सहा दिवस कारखान्याच्या टाइम ऑफिसात कामगारांच्या हजेऱ्या लिहून, सातव्या दिवशी तू मला घेऊन दारोदार फिरलीस. यशवंतपूरपासून के. आर. पुरमपर्यंत, दोन दोन बस बदलून. पुस्तिका छापून आली तेव्हा तू जेवण सोडून उभ्या उभ्या तो शेवटचा अरुंद रकाना बोटानं खाली खाली वाचत गेलीस. आणि एक प्रत माझ्या हातात ठेवून म्हणालीस, ही तुझी. तुला कधी विचारलं तर शोधायला लागू नये. ती प्रत आत्ता माझ्यासमोर आहे. तुझ्या पानावर हळदीचा डाग आहे, तो तुझाच असणार.

आता पुढचं ऐक. गेल्या वर्षी मंडळाच्या चिटणीसांना वाटलं की एवढा ठेवा पुढच्या पिढीपर्यंत पोचायला हवा. त्यांनी प्रत्येक पानावर, ज्याच्या त्याच्या नावाशेजारी, आत्ताचे मोबाइल नंबर पेनानं लिहिले. अक्षर सुंदर आहे, तुला आवडलं असतं. मग सगळी पुस्तिका स्कॅन केली आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ग्रुपवर कोण कोण आहे हे त्यांना माहीत नाही, मलाही नाही. दिवसभर लोक हात जोडत होते, फुलं पाठवत होते. कुणी ती आपल्या नागपूरच्या मेहुण्याला पाठवली, कुणी मुंबईच्या लग्नं जुळवणाऱ्या ग्रुपला. तू गेल्यानंतर तुझ्या नावाआधी कुणीतरी 'कै.' लिहिलं होतं, तेही त्यात होतं. मीही हात जोडले, आई. मी, जिची नोकरीच असल्या गोष्टी लिहायची आहे. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात बसून मी लोकांसाठी सूचना लिहिते: अनोळखी माणसाला माहिती देऊ नका, पाठवलेली फाइल उघडू नका, ओटीपी कुणालाही सांगू नका. त्या दिवशी मी माझ्या आईचं नाव फोनच्या पडद्यावर बघितलं, बोटांनी मोठं केलं, आणि हात जोडले.

तुझ्या वेळी फोन दिवाणखान्यात, क्रोशाच्या रुमालाखाली असायचा आणि वाजला की आपण धावायचो. आता तो प्रत्येकाच्या खिशात असतो आणि त्यात सगळं असतं. बँक, आधार, घराचे कागद, औषधाच्या चिठ्ठ्या, मेलेल्या माणसांचे फोटो. त्या सगळ्याला कुलूप असतं, आणि कुलपाची किल्ली हरवली तर बँक एक प्रश्न विचारते, ज्याचं उत्तर म्हणे फक्त आपल्यालाच माहीत असतं. तो प्रश्न काय असतो सांगू? आईचं माहेरचं आडनाव काय? मी कॉलेजात असताना तूच माझं पहिलं खातं उघडायला आली होतीस आणि काउंटरवर हा प्रश्न आल्यावर तुझा चेहरा खुलला होता. "बघ, इथं विचारतात," म्हणाली होतीस. आता हा प्रश्न ज्यांनी ठरवला त्यांच्यावर चिडू, की चिटणीसांवर, की तुझ्यावर? बायकांची माहेरं कुणाला माहीत नसतात, म्हणून ती गुपित म्हणून चालतील, असं कुणीतरी धरून चाललं होतं. आणि तू तर ती माहीत करून द्यायला वर्षभर पायपीट केली होतीस.

फोन आला तो अण्णांना. सकाळचे दहा, अण्णा के. आर. पुरमच्या घरी एकटे, दुसरी कॉफी घेऊन बसलेले. त्यांचं वय आता ऐंशीला आलं आहे. कान ठीक आहेत, गुडघे नाहीत. पलीकडच्या माणसानं "काका, नमस्कार" म्हटलं आणि ते खुर्चीत सरळ बसले, कारण इथं त्यांना दिवसभरात जी मराठी ऐकू येते ती माझी, तीही बहुतेक वेळा ओरडण्याची. तो म्हणाला, मंडळाच्या नव्या आवृत्तीचं काम माझ्याकडे आहे, माहिती पडताळून घ्यायची आहे. त्यानं अण्णांची जन्मतारीख वाचून दाखवली, मूळ गाव वाचून दाखवलं, कुलदैवत वाचून दाखवलं. सगळं बरोबर. मग तो तुझ्या नावाशी आला. काकूंचं माहेर तर आमच्याच बाजूचं, म्हणाला, आणि तुझं माहेरचं नाव उच्चारलं, तुझ्या गावाकडच्याच हेलात. अण्णांनी मला नंतर सांगितलं की तो हेल ऐकून त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. त्यानं तुझ्याबद्दल विचारलं, आई. कशा होत्या, कशानं गेल्या. आणि अण्णा पाऊण तास तुझ्याबद्दल बोलले. मी त्यांची मुलगी, दर रविवारी त्यांच्यासमोर बसते, मला त्यांनी गेल्या पाच वर्षांत तुझ्याबद्दल पाच मिनिटं सांगितलं नसेल. मीही विचारलं नसेल म्हणा.

शेवटी तो म्हणाला, काका, एक फॉर्म पाठवतो, तेवढा उघडून भरा. तो फॉर्म नव्हता. फोनमध्ये शिरून बसणारं, आलेले सगळे मेसेज गुपचूप दुसरीकडे पाठवणारं ॲप होतं ते. फोननं अण्णांना विचारलं, याला मेसेज वाचायची परवानगी द्यायची का? संपर्क बघायची? असे चार प्रश्न, आणि अण्णांनी चारही वेळा 'द्या' वर बोट ठेवलं. मी नंतर कपाळावर हात मारून घेतला तेव्हा त्यांचं म्हणणं असं, "इतक्या मर्यादेनं विचारत होता गं तो फोन. चार चार वेळा विचारला. नाही कसं म्हणायचं?"

मला ऑफिसात त्यांच्या नंबरावरून मेसेज आला तेव्हाच कळलं. 'नमस्कार, नवीन परिचय पुस्तिकेसाठी आपली माहिती तपासावी,' आणि खाली फाइल. अण्णा मला लिहीत नाहीत. ते बोललेलं पाठवतात आणि त्यात निम्मी कुकरची शिट्टी असते. मी फोन लावला, लागेना. मग बेळ्ळंदूरहून निघाले. हे अंतर तुझ्या काळात तळ्याच्या कडेकडेनं जाणारी एक बस कापायची, आता त्याला जो रस्ता आहे त्यावर माणसं गाड्यांत बसून नाष्टा करतात. दीड तास. दीड तास मी एका सिमेंटच्या ट्रकमागं बसून मंडळातल्या एकेकाला फोन करून सांगत होते, उघडू नका, अण्णांकडून आलं तरी उघडू नका. आणि एकेक जण मला उलट विचारत होता, "अण्णांकडून आलं तर का नाही उघडायचं?" एकानं तर सांगितलं, उघडलं अक्का, काही दिसत नाही, परत पाठवायला सांगा.

घरी पोचले तर अण्णा फोन टेबलावर उपडा ठेवून बसलेले. "स्वल्प गरम झालाय," म्हणाले. मी इंटरनेट बंद केलं, सिम काढलं, माझ्या फोनवरून बँकेला खातं गोठवायला सांगितलं, सायबर तक्रार नोंदवली. बँकेच्या फोनवर आधी सात मिनिटं सतार वाजली, मग एका मुलीनं ओळख पटवण्यासाठी अण्णांना विचारलं, सर, तुमच्या आईचं माहेरचं आडनाव? अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्याही आईचं नाव त्याच पुस्तिकेत आहे, तूच घातलेलं. मला हसावं की फोन भिंतीवर मारावा ते कळेना. अण्णांचं खातं वाचलं. ते वाचलं म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन दोन मिनिटं नुसती ओट्याला धरून उभी राहिले. तेवढ्यात मला मावशीची आठवण झाली, आणि लक्षात आलं की ट्रकमागं बसून मी सगळ्यांना फोन केले, तिला केलाच नाही. ती असल्या भानगडीत पडणार नाही असं मी धरून चालले होते.

मावशीनं फाइल उघडली होती. अण्णांकडून आली होती आणि तुझ्या पुस्तिकेची होती, म्हणून ती उघडताना तिनं चष्मासुद्धा शोधला नाही. तिचं पेन्शनचं खातं संध्याकाळपर्यंत मोकळं झालं. तक्रारीचं काय होईल ते होईल, थोडं कुठंतरी अडवून ठेवलंय म्हणतात. पण मला जे सांगायचंय ते वेगळं आहे. अण्णांना हे कळलं त्या दिवसापासून ते बोलेनासे झाले. मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर पडले. शनिवारी मंडळात कॅरम खेळायला जायचे, ते बंद. मावशीचं नाव काढलं की उठून आत जातात. मी त्यांचा फोन फॉरमॅट करून आणला तेव्हा म्हणाले, "तूच ठेव. मी सगळ्यांना फसवायला तो वापरला." मी म्हटलं, तुम्ही नाही फसवलं, तुमच्या नावानं फसवलं. "तेच की," म्हणाले. ज्या माणसाची चाळीस वर्षं सगळ्या मंडळात एकच ओळख, की अण्णांकडून निरोप आला म्हणजे खरा, त्याला यावर काय सांगायचं ते माझ्या कुठल्याही सूचनेत लिहिलेलं नाही.

म्हणून मी चिडले. दुःखापेक्षा चिडणं सोपं असतं, हे तुलाही माहीत होतं. मी त्यांच्या घरभर फिरले. फोनचा पिन फोनच्याच कव्हरच्या आत चिकटवलेला. बँकेचा पासवर्ड स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, एकादशीच्या चौकोनात. का, तर एकादशी कधी आहे ते बघायला गेलं की तोही दिसतो. आधार कार्डाच्या झेरॉक्सच्या मागं भाजीची यादी. मी ओरडले की ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे किती वेळा सांगितलं. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, गॅसवाला आला की 'ओटीपी हेळी' म्हणतो, पार्सलवाला 'ओटीपी हेळी' म्हणतो, दवाखान्यात जाताना पाय आत ठेवायच्या आधी रिक्षावालाही तेच म्हणतो. सांगितला नाही तर गॅस परत नेतो. "कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही, ते तोंडावर लिहिलेलं असतं काय?" मी म्हटलं, निदान मी ऑफिसात जे लिहिते ते एकदा तरी वाचायचं होतं. "तू लिहितीस ते इंग्लिश आणि कन्नडात," अण्णा म्हणाले. "तो मराठीत बोलत होता."

हेच ते, आई. दुसऱ्या कुठल्या गावात, मराठीनं भरलेल्या गावात, नुसतं मराठी बोलला म्हणून कुणी दार उघडणार नाही. इथं उघडतात. इथं आपली भाषा म्हणजे घरातलं माणूस. मी तरी काय वेगळी? ऑफिसात पुण्याहून आलेल्या पोरी लिफ्टमध्ये मराठीत कुजबुजायला लागल्या की मी ओळख नसताना हसते, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना माझा डबा, माझा पत्ता, माझा डॉक्टर सगळं माहीत असतं.

तुझ्या टाइम ऑफिसातला एक दिवस मला सारखा आठवतो. शाळेला सुट्टी, म्हणून तू मला कारखान्यात घेऊन गेली आहेस. मशिनांची धडधड जमिनीतून पायात येते. तुझ्या टेबलावर कामगारांच्या कार्डांचा लाकडी खोका, आणि मी कार्डं चाळते आहे. एका कार्डावर वारसाच्या जागी एकाऐवजी दोन बायकांची नावं. मी ते मोठ्यानं वाचते आणि हसते. बाहेर रांगेत तो माणूस उभा आहे की नाही मला माहीत नाही. तू ओरडत नाहीस. माझ्या हातातून कार्ड काढून घेतेस, खोक्यात परत त्याच जागी लावतेस, झाकण लावतेस आणि म्हणतेस, "लिहून दिलं म्हणजे तुला सांगितलं असं नव्हे. सांभाळायला दिलंय ते." त्या दिवशी घरी जाईपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. एक पेरू घेऊन दिलास, पण बोलली नाहीस. मी मोठेपणी ज्या कंपनीत लागले तिथं पहिल्याच आठवड्यात या विषयावर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि त्या दोन दिवसांत तुझ्या त्या दोन वाक्यांपेक्षा जास्त काही नव्हतं. मग मला सांग, जिला हे एवढं कळत होतं, तिनं शंभर घरांची माहेरं एका पुस्तकात का छापली? सांभाळायला दिलेलं होतं ना ते?

अण्णांना परत फोन घ्यायला लावायला मला महिना लागला. माझ्याच नंबरावरून कुणी माझा आवाज काढून पैसे मागितले तर ओळखायचं कसं, म्हणून आपण घरातला एक परवलीचा शब्द ठरवू या, असं मी सुचवलं. फोनवर काही विचित्र वाटलं की आधी तो शब्द विचारायचा. अण्णा पहिल्यांदाच थोडे खुलले. विचार केला, मान हलवली आणि अगदी हळू आवाजात, जणू कुणी ऐकेल, तुझं माहेरचं आडनाव सांगितलं. मी डोकं टेबलावर टेकलं. "का, चांगलं आहे की," म्हणाले. शेवटी आम्ही दुसरा शब्द ठरवला. तू एकदा पाहुण्यांसाठी केलेला आणि गुपचूप मागच्या दारी पुरलेला पदार्थ. तो कुठल्याही पुस्तिकेत नाही. इथंही लिहीत नाही.

मग मंडळाची बैठक झाली, खरोखरच्या नव्या आवृत्तीसाठी. चिटणीसांनी पश्चात्तापानं की धोरणानं, काम माझ्याकडे दिलं. मी यादी करून गेले होते. फोन नंबर नकोत, जन्मतारखा नकोत, स्कॅन नको, फक्त छापील आणि हातोहात. सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी मी म्हटलं, माहेरच्या नावाचा रकानाही काढू या. खोलीत बायका बऱ्याच होत्या. अण्णांना मी जवळजवळ ओढून आणलं होतं, ते दाराजवळच्या खुर्चीत, चपला हातात घेऊन, उठायच्या तयारीत. मागून मावशी उठली. आता वाकली आहे, काठी घेते. मला वाटलं, ज्या बाईचं सगळं गेलं ती तरी माझ्या बाजूनं बोलेल.

"चोरानं माझं खातं पुसलं," मावशी म्हणाली. "नाव तू पुसतीस होय?"

मी म्हटलं, मावशी, त्या नावामुळंच तर आत शिरले. "मग कुलूप बदल की," ती म्हणाली. "माझ्या बापाचं नाव कशाला काढतीस? तुझ्या आईनं भिंतीला कागद लावून लिवलंय ते. माझ्या नवऱ्यानं बघितलंय उभ्यानं." मग काठी टेकत ती माझ्याकडे न येता दाराकडे गेली आणि अण्णांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. पदरानं चष्मा पुसत त्यांना म्हणाली, "आणि तुम्ही काय अण्णा, दोन महिने दर्शन नाही. माझं गेलं, तुम्ही कशाला लपून बसलाय?" अण्णांनी चपला खाली ठेवल्या. मला दुसरीकडे बघावं लागलं. हात वर झाले ते मी मोजले नाहीत, मोजायची गरज नव्हती.

तर रकाना राहिला आहे. सगळी माहेरं, पहिल्यासारखी, शेवटच्या अरुंद जागेत. तू जिंकलीस. तू मेल्यावरही मंडळाच्या बैठका जिंकतेस, हे मला आता कुणाकडे तरी बोलायला हवं होतं. पण याचा अर्थ असा होतो की तुझं खरं नाव सगळ्यांना माहीत आहे आणि राहणार आहे. आणि बँकेचं कुलूप बदलायचं, तर त्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं. आईचं माहेरचं आडनाव: काहीतरी भलतंच, जे कुणी ताडू शकणार नाही. हे मी अण्णांच्या खात्यात करून दिलं, मावशीच्या नव्या खात्यात करून दिलं. तिनं एका भाजीचं नाव घातलंय आणि ते आठवून ती अजून हसते. सगळ्यांना मी हेच सांगते. ऑफिसच्या सूचनांतही लिहिलं आहे.

माझ्या स्वतःच्या खात्यात ते अजून तसंच आहे. वेळ मिळाला नाही असं मी सांगते, ते खरं नाही. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. तुझ्या माहेरी आता कुणी उरलं नाही, ते घर विकलं गेलं. तू कुठली, कुणाची, हे मला कुणी विचारत नाही. फक्त बँक विचारते. वर्षातून दोनतीनदा पासवर्ड विसरला की ती विचारते, मी तुझं नाव टाइप करते, आणि पडद्यावर येतं की उत्तर बरोबर आहे. आता सांगून टाकते, कधीकधी मी पासवर्ड विसरलेली नसते.

मला शाळेत घालताना वय तीन महिन्यांनी कमी पडत होतं. तारीख जरा पुढंमागं लिहा म्हणून मास्तरच अण्णांना सुचवत होते. तू म्हणालीस, कागदावर खोटं लिहायचं नाही, आणि माझं वर्ष गेलं. एक वर्ष मी तुझ्याबरोबर घरी बसून काढलं. म्हणून तुझं उत्तर मला माहीत आहे. तरी हा कागद समोर ठेवून विचारते, आणि विचारून झालं की पुस्तिकेच्या तुझ्या पानात घडी घालून ठेवणार आहे, पाठवायला पत्ता नाही म्हणून नव्हे, तुझं नाव तिथंच आहे म्हणून. बँकेच्या एकाच कागदावर, एकदाच, मला तुझ्या नावाच्या जागी दुसरं नाव लिहू दे.